आंग्रिया बँकेत आपलं खातं

"आंग्रिया बँक बुडालेली आहे."

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते होस्टेलच्या रूममध्ये, रात्री साडेअकराला, लाइट गेलेली असताना. बोलणारा माझा रूम पार्टनर. आता आमच्या बीड जिल्ह्यात 'बँक बुडाली' असं कुणी म्हटलं की झोपलेला माणूससुद्धा उठून बसतो. मीही बसलो. आणि पहिला प्रश्न विचारला, "ठेवी किती लोकांच्या अडकल्यात?"

अंधारात तो इतका हसला की शेजारच्या रूममधून भिंतीवर बुक्क्या आल्या. मग म्हणाला, "अरे, ती पैशाची न्हय रे! दर्यातली बँक. ती बुडालेलीच असते."

मित्रांनो, हा आमचा पार्टनर विजयदुर्गाजवळच्या एका गावचा. घरची मासेमारी. कॅप राउंडने त्याला उचलून थेट आपल्या कॉलेजात आणून टाकलं. समुद्राच्या काठचा पोरगा टँकरच्या जिल्ह्यात! पहिल्या उन्हाळ्यात होस्टेलच्या टाकीसमोर बादल्यांची रांग बघून त्याने विचारलं होतं, "तुमच्याकडे पाणी विकत घेतात?" तेव्हापासून आम्ही त्याचं नाव 'तांडेल' ठेवलं. तांडेल म्हणजे बोटीवरचा प्रमुख. इथे बोट नाही, पाणी नाही, पण तांडेल आहे. असो.

त्या रात्री लाइट तासभर आली नाही आणि तांडेलने मला ही बुडालेली बँक सांगितली. विजयदुर्गापासून पश्चिमेला साधारण १०५ किलोमीटर आत, भर अरबी समुद्रात, पाण्याखाली एक पठार आहे. लांबी सुमारे ४० किलोमीटर, रुंदी सुमारे १५. आपला बालाघाटाचा डोंगर चढून वर आलं की कसं सपाट माळरान लागतं, तसंच ते, फक्त सगळंच्या सगळं पाण्याखाली. माथा जेमतेम २० मीटर खोल आणि कडेला एकदम शेकडो मीटरची दरी. समुद्रातल्या अशा उंचवट्याला इंग्रजीत 'बँक' म्हणतात. नाव पडलं ते कान्होजी आंग्र्यांवरून. माथा उथळ असल्याने तिथपर्यंत ऊन पोचतं, आणि ऊन पोचतं म्हणून तिथे प्रवाळ वाढतात. प्रवाळ आले की मासे आले. २०१९ च्या डिसेंबरमध्ये 'सागर संपदा' या संशोधन जहाजावरून शास्त्रज्ञ तिथे गेले होते. पाणबुडे उतरले, प्रवाळ आणि मासे यांच्या नोंदी घेतल्या.

"मग आता ते अभयारण्य असेल," मी म्हटलं.

"तेच तर गंमत आहे," तांडेल म्हणाला. "ते कोणाचं, हेच आधी ठरवायला लागतं."

दुसऱ्या दिवशी मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. (सबमिशन बाजूला ठेवायला एवढं कारण पुरेसं होतं.) १ सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. १०५ ला भागलं तर आंग्रिया बँक येते जवळपास ५७ सागरी मैलांवर. देशाची प्रादेशिक सागरी हद्द किती? १२ सागरी मैल, म्हणजे २२ किलोमीटर. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याखाली राज्य सरकार अभयारण्य जाहीर करू शकतं ते जमिनीवर, आणि केंद्राची संमती घेऊन या १२ मैलांपर्यंतच्या पाण्यात. मासेमारीचा राज्याचा कायदा १९८१ चा, तोही १२ मैलांवर संपतो. पुढे २०० सागरी मैलांपर्यंत जो पट्टा आहे तिथल्या साधनसंपत्तीवर हक्क भारताचा आहे, पण ते पाणी राज्याचं नाही. म्हणजे कान्होजींच्या नावाची जागा महाराष्ट्राच्या हातात नाही!

यातून वाट आहे ती १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याची. त्यात केंद्र सरकार या पट्ट्यातला एखादा भाग 'नियुक्त क्षेत्र' म्हणून जाहीर करू शकतं आणि तिथल्या संरक्षणाचे नियम करू शकतं. २०२० मध्ये राज्याने हाच मार्ग धरला आणि आंग्रिया बँकेला असा दर्जा मिळावा, असा प्रस्ताव पुढे केला. मला ही बातमी वाचून बरं वाटलं. पण तांडेलचे वडील काय म्हणतील, याची उत्सुकता होती.

ती संधी आली पाचव्या सेमनंतर. परीक्षा संपली, शेवटची व्हायवा झाली आणि मी तांडेलबरोबर त्याच्या गावी गेलो. खरं सांगतो, वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत मी समुद्र पाहिला नव्हता. बीडपासून समुद्र सरळ रेषेत अडीचशे-तीनशे किलोमीटर. आमच्या घरचे लोक कोयता घेऊन कर्नाटकापर्यंत जातात, पण समुद्राकडे जायचं काही कारणच पडत नाही. एसटीतून उतरलो, उतार उतरलो आणि समोर ते निळं बघून माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, "येवढं पाणी, आणि एक घोट पिता येत नाही?" तांडेलची आई अजून त्यावर हसते.

त्याचे वडील किनाऱ्यावर जाळं विणत बसले होते. म्हणजे फाटलेलं दुरुस्त करत होते. मी शेजारी बसलो आणि विचारलं, "काका, आंग्रिया बँकेला सरकार संरक्षण देणार म्हणे?"

त्यांनी सुई थांबवली नाही. "सरकारान कायव जाहीर करूदे. थंय बघूक कोण जातलो?"

एका वाक्यात विषय संपला. ५७ मैलांवर गस्त घालायची तर बोट पाहिजे, डिझेल पाहिजे, माणसं पाहिजेत. एक दिवस नाही, वर्षभर, दरवर्षी. जाहीर करायला एक कागद लागतो, राखायला बजेट लागतं. आपण इंजिनिअरिंगवाले कॅपिटल कॉस्ट आणि रनिंग कॉस्ट असं शिकतो ना, तेच. कागद ही कॅपिटल कॉस्टसुद्धा नाही. सगळा खेळ रनिंग कॉस्टचा आहे.

मग मी त्यांना सहज विचारलं की हे जाळं कशाने फाटलं. ते म्हणाले, "फाटला नाय, कापलंय." आणि तांडेलला म्हणाले, "दाखव रे त्येका."

तांडेलने मोबाइल काढला. व्हिडिओ दीड मिनिटाचा. बोटीच्या कडेला जाळ्यात एक मोठं कासव गुंडाळलेलं. एक हात सुरी घेऊन पुढे येतो, जाळं कापतो, पुन्हा कापतो. कासवाचा एक पाय मोकळा होतो, मग मान. आणि एकदम ते वळतं आणि खाली निघून जातं. मागे फक्त वाऱ्याचा आवाज, आणि कुणाचा तरी 'गेला, गेला' असा ओरडा. तो हात काकांचा होता.

ऑलिव्ह रिडले कासव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. व्हेल शार्कला ते संरक्षण २००१ मध्ये मिळालं. पण कायद्याला जाळ्याची किंमत माहीत नसते. पूर्वी असा प्राणी जाळ्यात आला की मच्छीमारापुढे दोनच वाटा असायच्या. एक तर जाळं कापून स्वतःचं नुकसान करायचं, नाहीतर प्राणी मरेपर्यंत तसंच ठेवून नंतर पाण्यात टाकून द्यायचा. कोण बघतंय? २०१८ च्या डिसेंबरमध्ये महाराष्ट्राच्या वन विभागाचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग यांनी एक योजना आणली. संरक्षित प्राणी सोडताना जाळं कापलं तर जास्तीत जास्त २५,००० रुपयांपर्यंत भरपाई. पुरावा म्हणून प्राणी सोडतानाचे आणि कापलेल्या जाळ्याचे फोटो किंवा व्हिडिओ. म्हणून तो व्हिडिओ.

"पैसे मिळाले का?" मी बीडचा माणूस, पहिला प्रश्न हाच.

"मिळाले. वेळ लागला, पण मिळाले. सगळं नुकसान नाही भरून आलं."

"मग परत कापाल का?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, जाळं कापताना हात थरथरतो, कारण ते जाळं म्हणजे घर आहे. पण आता निदान हे माहीत आहे की कापलं तर कोणीतरी विचारणार आहे. आधी कोणी विचारतच नव्हतं.

मला वाटतं, त्या चार दिवसांत मी जे शिकलो ते या वाक्यात आलं. निसर्ग राखायचा खर्च कुणाला ना कुणाला द्यावाच लागतो. सरकारी तिजोरीने नाही दिला तर तो जो सगळ्यात जवळ उभा असतो त्याच्या खिशातून जातो. आणि जवळ उभा असतो तो बहुतेक वेळा गरीबच असतो.

याचं उलटं उदाहरण तिथून जवळच आहे, मालवणला. १९८७ मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या सुमारे २९ चौरस किलोमीटर भागाला सागरी अभयारण्य जाहीर केलं. महाराष्ट्राचं पहिलं सागरी अभयारण्य. हेतू उत्तम होता. पण मच्छीमारांनी विरोध केला आणि तो वर्षानुवर्षं टिकला. त्यांचा प्रश्न सरळ होता, आमच्या रोजच्या पाण्यावर तुम्ही रेघ ओढली, आता आम्ही जायचं कुठे? (योगायोग बघा, आमच्या पाटोदा तालुक्यातलं नायगावचं मयूर अभयारण्यही जवळपास तेवढंच, ३० चौरस किलोमीटरच्या आसपास. जाहीर झालं १९९४ मध्ये. मोर आणि मासा, दोघांनाही सरकारने जागा जवळजवळ सारखीच मोजून दिली!)

पुढे याच सिंधुदुर्गात जागतिक पर्यावरण निधी आणि युएनडीपी यांच्या पैशातून एक प्रकल्प आला, तेव्हा पद्धत थोडी बदलली. ट्रॉलरच्या जाळ्याच्या शेवटच्या पिशवीला चौकोनी आसाची जाळी लावायची, म्हणजे लहान पिल्लं निसटून जातात. खाडीत खेकडे पाळायचे. वेंगुर्ल्याला स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका मांडवी खाडीत पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवायला लागल्या. तिवराचं झाड उभं असेल तरच त्यांची होडी चालेल. मग त्या झाडाला वेगळा वॉचमन कशाला पाहिजे?

वेळासची गोष्ट तर आता बऱ्याच जणांना माहीत आहे. रत्नागिरी जिल्ह्यातलं मंडणगड तालुक्यातलं हे गाव. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने तिथे कासवांच्या घरट्यांचं काम सुरू केलं. तोवर अंडी माणसं नेत होती, कोल्हे-कुत्री खात होती. संस्थेने गावातल्याच लोकांना बरोबर घेऊन अंडी कुंपणाच्या आत पुरली, पिल्लं निघाली की समुद्रात सोडली. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. शहरातले लोक पिल्लं बघायला यायला लागले, गावातल्या घरांत राहायला लागले, जेवायला लागले. ज्या अंड्यांची भुर्जी व्हायची त्या अंड्यांनी पाहुण्यांची पंगत बसवली.

पण प्रकल्पाच्या पैशाला एक खोड असते. तो संपतो. तांडेलच्या गावात पडवीत एक जुना बोर्ड उलटा करून त्याचा मासे वाळवायला फळा केलेला मी पाहिला. कुठल्या तरी योजनेचा होता, अक्षरं उडाली होती. बोर्डाचा तरी उपयोग झाला, हे काय कमी आहे!

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं किनाऱ्याजवळचं झालं. आंग्रिया बँकेसारख्या लांबच्या जागेचं काय? तिथे बचत गट नाही, घर नाही, पंगत नाही. हा प्रश्न फक्त आपल्यालाच पडलेला नाही. इंग्रजांचं राज्य गेलं, तरी जगभर विखुरलेली त्यांची बेटं अजून आहेत, आणि त्या बेटांभोवतीचा समुद्रही. दक्षिण पॅसिफिकमध्ये पिटकेर्न नावाचं बेट आहे. लोकसंख्या पन्नासच्या आसपास, म्हणजे आपल्या होस्टेलच्या एका मजल्याएवढी. त्यांच्याभोवती २०१६ मध्ये ८ लाख चौरस किलोमीटरहून मोठं सागरी राखीव क्षेत्र केलं. महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठं! पन्नास माणसं एवढ्या पाण्यावर पहारा कसा देणार? म्हणून तिथे उपग्रहावरून बोटींवर नजर ठेवायची पद्धत बसवायचा प्रयत्न झाला. शिवाय अशा बेटांच्या निसर्गासाठी ब्रिटिश सरकारचा वेगळा निधीही आहे. म्हणजे लांबच्या समुद्रालाही रनिंग कॉस्ट आहे, हे निदान त्यांनी कागदावर तरी मान्य केलं.

पण त्यांच्याच खात्यावर दुसरी एक नोंद आहे. हिंदी महासागरात, आपल्याच दक्षिणेला, चागोस नावाची बेटं आहेत. तिथल्या मूळ लोकांना १९६८ ते १९७३ या काळात अमेरिकेच्या लष्करी तळासाठी बेटांवरून काढून टाकलं. आणि २०१० मध्ये त्याच बेटांभोवती महाराष्ट्राच्या दुपटीएवढ्या समुद्रात संरक्षित क्षेत्र जाहीर केलं, मासेमारी बंद. प्रवाळ वाचले असतील, वाचोत. पण ज्यांचं घर तिथे होतं त्यांना विचारलं कोणी? मॉरिशस आंतरराष्ट्रीय लवादात गेला आणि २०१५ मध्ये लवादाने निर्णय दिला की हे क्षेत्र जाहीर करताना ब्रिटनने समुद्राच्या कायद्याखालची आपली बंधनं पाळली नाहीत. माणसं नसलेला समुद्र राखायला सोपा असतो, हे खरं. पण तो माणसं हुसकून रिकामा केलेला असेल तर त्या राखण्याला काय म्हणायचं?

म्हणून मला वाटतं, आंग्रिया बँकेचा कागद व्हावाच. पण त्या कागदाच्या मागच्या पानावर दोन ओळी हव्यात. गस्तीचा वर्षाचा खर्च कोण देणार, ही एक. आणि तिथपर्यंत बोट नेणाऱ्या मच्छीमाराला त्यात कुठली जागा असणार, ही दुसरी. ते पठार खरंच बँकेसारखं आहे. प्रवाळ ही मुद्दल, आणि तिथे वाढून बाहेर पसरणारे मासे हे व्याज. मुद्दल मोडून खाल्ली की काय होतं, हे बीडच्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही.

"पण बीडला त्याचं काय?" हा प्रश्न मला मेसमध्ये तीन जणांनी विचारला. त्यांच्यासाठी एक गोष्ट. मांजरा नदी उगम पावते आमच्या पाटोदा तालुक्यात. आपली बिंदुसरा सिंदफणेला मिळते, सिंदफणा गोदावरीला, आणि मांजराही शेवटी गोदावरीलाच. म्हणजे आपल्या माळावर पडलेला पाऊस, पडला तर, जातो बंगालच्या उपसागरात. आता हे ऐका. ओडिशाच्या गहिरमाथा किनाऱ्यावर २०२१ मध्ये एका मादी कासवाला नंबराचा बिल्ला लावला होता. ती मादी २०२५ च्या जानेवारीत सापडली कुठे? गुहागरला, अंडी घालताना! भारताला अख्खा वळसा घालून आली. तिला १२ मैल कळत नाहीत, राज्य कळत नाही, केंद्र कळत नाही. कुणी सांगावं, आपल्या मांजरेचं थोडं पाणी तिच्या पाठीवरून वाहून गेलेलं असेल. समुद्र बीडपासून लांब आहे, पण बीड समुद्रापासून तेवढं लांब नाही.

इथवर लिहून मी लेख संपवणार होतो. लांबच्या समुद्राबद्दल शहाणपणा सांगणं सोपं असतं. माझी परीक्षा मात्र घरी होती.

कोकणातून परत आलो तो सरळ गावाकडे गेलो. जानेवारी संपत आलेला, ज्वारी हुरड्यात. आई-बाप कारखान्यावर, शेतावर एकटे तात्या, म्हणजे माझे चुलते. गेल्या गेल्या त्यांनी मला बांधावर नेलं. रानडुकरांनी एका रात्रीत अर्धा एकर ज्वारी लोळवली होती. ताटं मोडून चघळून टाकलेली. तात्या काही बोलले नाहीत. गोठ्यात गेले, तारेचं एक भेंडोळं घेऊन आले आणि माझ्यापुढे ठेवलं.

"तू इलेक्ट्रिकलला हाईस ना? मग येवढी तार जोडून दी. रातच्याला करंट सोडायचा, पहाटं बंद करायचा. कुणाला कळायलंय?"

मित्रांनो, मी गप्प उभा राहिलो. उघड्या तारेत २३० व्होल्ट सोडले की काय होतं, हे मला फर्स्ट इयरपासून पाठ आहे. डुक्कर मरतं. काळवीट मरतं. रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारी मरतो. दरवर्षी कुठे ना कुठे अशी बातमी असतेच. हे सगळं मी तात्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "बरं. मग ही ज्वारी कोण भरून देणार हाय?"

थंय बघूक कोण जातलो? तोच प्रश्न, फक्त बोली वेगळी.

तार मी जोडली नाही. आत्ता लिहिताना हे फार सोपं वाटतं. पण तात्यांनी माझी पहिल्या वर्षाची फी भरायला शेळ्या विकल्या होत्या, आणि त्यांनी आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट होती. त्या रात्री आम्ही दोघं मचाणावर बसलो, डबे वाजवत. बोलणं झालं नाही.

सकाळी मला तो दीड मिनिटाचा व्हिडिओ आठवला. पिकाच्या नुकसानीलाही वन विभागाकडून भरपाईची तरतूद आहे, हे तात्यांना माहीत होतं, पण 'त्याचा काही उपेग नाही' हेही त्यांना माहीत होतं. मी मोबाइल काढला. मोडलेल्या ताटांचे, डुकरांच्या पायांच्या ठशांचे, चारही बांधांवरून फोटो घेतले. सातबारा काढला, अर्ज लिहिला. आज साहेब नाहीत, उद्या या. उद्या गेलो तर हा कागद नाही, तो आणा. तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला. पंचनामा झाला. पैसे आले ते चार महिन्यांनी, आणि नुकसानीच्या निम्म्याहून कमी.

त्या पैशात झटका मशीनसुद्धा बसत नव्हतं. (झटका मशीनमध्ये विजेचा धक्का अगदी क्षणभराचा असतो, जनावर घाबरतं पण मरत नाही. ते मी तात्यांना नीट समजावून सांगितलं. त्यांना पटलं. किंमत पटली नाही.) तरी मेसेज आला तेव्हा तात्यांनी मला फोन केला. म्हणाले, "आलं बाबा. कमी हाय, पर आलं." काकांच्या आवाजात जे होतं तेच यांच्याही आवाजात होतं. कुणीतरी विचारलं, एवढंच.

तांडेलला हे सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे तुझ्या तात्यांनी पण जाळं कापलं." मी म्हटलं, अजून पूर्ण नाही.

कारण ते तारेचं भेंडोळं अजून गोठ्यात खुंटीला लटकलेलं आहे. तात्यांनी ते भंगारात विकलेलं नाही. पुढच्या हुरड्याला पैसे चार महिन्यांऐवजी महिन्याभरात आले तर ते खुंटीलाच राहील. नाही आले तर काय होईल, हे मी खात्रीने सांगू शकत नाही. सुट्टीत घरी गेलो की मी आधी गोठ्यात डोकावतो, मग घरात जातो.